येळवशीचं आभाळ

तारे मला आवडत नाहीत, हे मी बसमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. नांदेडहून सकाळी निघालेली ती छोटी बस लोहा, अहमदपूर, लातूर करत औशाच्या पुढं आली, तेव्हा आतली मंडळी दुर्बिणींचे पट्टे गळ्यात अडकवून तयार बसली होती. आमच्या शाळेतल्या देशपांडे बाईंनी ही सहल जमवली होती. दुपारनंतर माळावरचे पक्षी, अंधार पडला की आकाशदर्शन, मुक्काम तंबूत. "वाळवंट बघायला राजस्थानात कशाला जायचं? तसलंच उजाड रान आपल्या दारात आहे," असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. "आणि ते विलास सर काय बोलतात म्हणे! शेवटी भूकंपाची गोष्ट सांगतात. माणसं रडतात हो."

ती गोष्ट ऐकायलाच मी निघाले होते. विलास माझा मोठा भाऊ. आमचे वडील, अण्णा, गेले, त्यांचं तेरावं झालं, आणि त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नानंतरचं माझं आडनाव वेगळं, आणि माहेराबद्दल बोलत बसणारी बाई मी नव्हे.

बस थांबली ती आमच्याच शेताच्या बांधावर. खालच्या अंगाला काळं रान, त्यात कंबरेच्या वर गेलेली ज्वारी. वरच्या अंगाला मुरमाड माळ, पिवळ्या गवताचा. मधल्या सपाटीवर पांढऱ्या तंबूंची रांग. आणि पलीकडं वेड्या बाभळींची दाट काटेरी जाळी. परक्या माणसाला ती नुसती जाळी दिसते. ते आमचं गाव. माणसं उठून दूरच्या सिमेंटच्या चौकोनी घरांत गेली आणि गावठाणावर बाभळींनी कब्जा केला.

टोपी घातलेला एक माणूस तंबूंकडून येताना दिसला. चालण्यावरूनच मी ओळखलं. अण्णाही तसेच चालायचे, जमीन चाचपल्यासारखी टाच आधी टेकवून. एकेकाला नमस्कार करत तो आला आणि माझ्यापुढं थबकला.

"बाई, तू?" माहेरी मला सगळे बाईच म्हणायचे.

"सहलीला आले," मी म्हणाले. "बाकीच्यांसारखी."

"कळवायचं तरी."

"मार्गदर्शकाला कोण कळवतं?"

त्याच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी वाळलं. मागून कुणीतरी हात धुवायला पाणी कुठं आहे असं विचारलं, आणि तो सुटल्यासारखा तिकडं वळला.

ऊन कलल्यावर त्यानं आम्हांला माळावर नेलं. एका ओळीत, न बोलता. मधेच हात वर करून तो थांबायचा की सगळी ओळ थांबायची. धाविक पक्ष्यांची एक जोडी मुरमाच्या रंगात मुरून गेलेली होती. ती तुरुतुरु धावायची, खिळल्यासारखी उभी राहायची, पुन्हा धावायची. चंडोल सरळ वर चढत जाऊन आभाळात गात होता. मग सूर्य खाली टेकायला लागला तसे लांब पंखांचे शिकारी पक्षी, भोवत्या, एकेक करून गवतावरून तरंगत आले. मुक्कामाची जागा शोधत, आपलं घर चुकल्यासारखे.

"हे पार हिमालयापलीकडून येतात," विलास हलक्या आवाजात म्हणाला. "माझी माय यांना पाव्हणे म्हणायची. पाव्हणे आले, आता थंडी पडंल, म्हणायची."

"वा!" देशपांडे बाई म्हणाल्या. "पाव्हणे! किती सुंदर." मग तो शब्द ओळीतून पुढं गेला, प्रत्येकानं तो एकेकदा उच्चारून बघितला. माझ्या मायचा शब्द, हॉटेलात ताक मागावं तितक्या सहज.

तो चांगलं सांगत होता. तेच मला सोसत नव्हतं. खालच्या पट्टीत बोलायचं, मधेच थांबायचं, समोरच्यांनी पुढं झुकावं म्हणून आणखी हळू बोलायचं. लातूरच्या क्लासमध्ये, पोरांनी गच्च भरलेल्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवून त्यानं हा गळा तयार केला होता. मी मुद्दाम ओळीच्या शेवटी राहिले. पायाखाली तिखाडी चुरडली गेली. त्या गवताचा उग्र, लिंबासारखा वास वर आला आणि माझा घात झाला.

येळवशीच्या दिवशी माय या वासातून चालत यायची. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात; आमच्याकडं ती येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहायचं नाही, सगळं गाव आपापल्या रानात. आदल्या रात्रीपासून आमच्या घरात आंबलेल्या ताकाचा आणि ज्वारीच्या पिठाचा वास भरून राहायचा. लसूण, ओवा, हिरवी मिरची पडली की तो वास नाकात शिरून बसायचा. चुन्यानं आणि कावेनं रंगवलेल्या मडक्यात आंबील. टोपलीत बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. आणि भज्जी: तुरीचे दाणे, हरभरा, वाल, रानात सापडतील त्या सगळ्या पाल्यांची, हरभऱ्याच्या पिठात शिजवलेली. माय डोक्यावर टोपली घेऊन पुढं, अण्णा मडकं घेऊन मागं, आणि आम्ही दोघं बांधावरून उड्या मारत, मधेच तिखाडी तुडवत.

रानात कडब्याची खोप. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. पूजा झाली की अण्णा ज्वारीच्या ताटांवर आंबील शिंपडत रानाला फेरा घालायचे आणि ती निम्मी कानडी आरोळी द्यायचे, जिचा अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. शेजारच्या रानातून तीच आरोळी परत यायची, मग त्याच्या पलीकडून, पार नजरेच्या टोकापर्यंत. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही ओढून आणून जेवू घालायचं. त्या दिवशी कुणी कुणाचा वैरी नसायचा.

दिवस बुडाला की अण्णा हेंडगा पेटवायचे, कडब्याची लांब मशाल, आणि ती घेऊन रानाभोवती धावायचे. प्रत्येक रानात एकेक आग धावत असायची. ती विझली की अमावस्येचा अंधार असा पडायचा, की स्वतःचा हात दिसू नये. मग माय कडब्यावर आडवी व्हायची, एका बाजूला मी, एका बाजूला विलास, आणि ती आभाळातलं हरीण दाखवायची.

"ते तिकांडं बगा, तीन चांदण्या एका रांगंत. त्यो बाण हाय. हरणाच्या पोटात घुसलाय."

"मग ते मरत का न्हाई?" मी विचारायची.

"पळतंय न्हवं. पळणाऱ्याला मरायला टाइम कुटं?"

तिच्या पदराला धुराचा वास असायचा, हाताला लसणाचा. माझ्या आयुष्यातलं सगळं खगोलशास्त्र त्या दोन वासांत संपलं.

भूकंप झाला त्या सालची येळवस आलीच नाही. त्याआधी गणपती बुडवून लोक झोपले, आणि भल्या पहाटे जमिनीखालून कुणीतरी जातं ओढत नेल्यासारखा आवाज आला. मी आणि विलास तेव्हा घराबाहेर, कडब्याच्या गंजीला टेकून मृग बघत होतो. मला आठवतात ते तारे. ते आधी हलले, असं मला वाटलं. मग धूळ उठली आणि ते दिसेनासे झाले. आमची घरं माळवदाची, दगडी भिंतींवर मातीचं जाड छत. पिढ्यान्‌पिढ्या लिंपलेली ती पांढरी माती एका दमात हवेत आली. तिचा वास मी नंतर कशातच घेतला नाही. शेणाचा, जुन्या पावसाचा, आणि कुणाच्या तरी घरातल्या भाजलेल्या तिळाचा. अण्णा खळ्यावर राखणीला होते म्हणून राहिले. माय घरात होती.

मग पाऊस आला. मग हेलिकॉप्टरं, पांढरी पावडर, नाकाला फडकी बांधलेली अनोळखी माणसं, जुन्या कपड्यांचे ढीग. आणि पाऊस गेल्यावर उरलं ते आभाळ. छपराखाली कुणी झोपेना. पत्र्याची शेडं बांधून दिली तरी माणसं अंथरुणं घेऊन बाहेर पडायची. किती तरी महिने आम्ही त्या आभाळाखाली झोपलो. खाली बायका झोपेत ओरडत उठायच्या आणि वर सगळं जसंच्या तसं, लखलखीत. एकही चांदणी कमी झालेली नव्हती. मला त्या निर्लज्जपणाची चीड यायची. हरीण अजून पळत होतं. मी कूस बदलून मातीकडं तोंड करून झोपायला शिकले, अजून तशीच झोपते.

दहावीची परीक्षा आम्ही दोघांनी शेडातून दिली. विलासचं एक वर्ष काविळीनं बुडालेलं, म्हणून आम्ही एकाच वर्गात. मी त्याच्या पुढं गेले. अण्णांनी पेढे वाटले, आणि विलासला लातूरला घातलं.

"मी पण जाते," मी म्हणाले.

"तुला कुणाच्या भरवशावर ठिवू?" अण्णा म्हणाले. "घरात बाईमाणूस न्हाई. उदगीरचं स्थळ आलंय, माणसं चांगली हाईत."

लग्नाआधी एकदा मी अण्णांबरोबर लातूरला गेले, विलासला डबा द्यायला. ते शहर तेव्हा उतू चालल्यासारखं होतं. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या, भिंतीभिंतींवर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो, झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरांच्या रांगा. सायकलींच्या घंट्या आणि झेरॉक्सचा गरम कागदी वास. भूकंपाच्या गावांतून आलेली पोरं लगेच ओळखू यायची. ती भिंतीपासून लांब चालायची. विलासच्या खोलीत कॉटला कॉट लागलेली, मेसच्या पातळ वरणाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. अण्णा खाली घरमालकाशी बोलत होते. मी त्याच्या कॉटवर बसले, समोरचं पुस्तक उघडून दोन पानं वाचली. मला ते समजत होतं.

"दादा, तू अण्णांना एकदा म्हण. तुझं ऐकतील."

"मी काय म्हणू?"

"म्हण, हिला बी शिकू द्या. एवढंच."

मग त्यानं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, आणि त्यात मान घातली. अण्णा वर येईपर्यंत त्यानं ती वर काढली नाही. त्या दिवसानंतर मी त्याला दादा म्हटलेलं नाही.

उदगीरची माणसं खरंच चांगली निघाली. नवऱ्यानं मला डी.एड. करू दिलं, त्याच्या बदलीनं आम्ही नांदेडला आलो, मी शाळेत लागले. तक्रार करावी असं माझ्या आयुष्यात काही नाही. पण चांगल्या माणसांत राहूनही राग जगतो. त्याला फार खायला लागत नाही.

दिवस येळवशीचाच होता; माळावरून परतलो, तेव्हा तंबूंपुढंही येळवस मांडून ठेवलेली होती. कडब्याची खोप, पाच पांडव, मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लातूरच्या आचाऱ्यानं केलेल्या भज्जीत आंबटपणाच नव्हता. मंडळी खोपीपुढं फोटो काढत होती. दूर एखाददुसऱ्या रानात खरा हेंडगा फिरताना दिसला, तर एकानं विचारलं, "हे पण तुमच्या कार्यक्रमातलं का?"

मग विलासनं सगळे दिवे मालवायला लावले. आम्ही सतरंज्यांवर बसलो. "एवढा अंधार आता शोधून मिळत नाही," तो म्हणाला. "जवळ गाव नाही ना, म्हणून." कुणीतरी कौतुकानं सुस्कारा सोडला. मी बाभळींच्या काळ्या भिंतीकडं बघत होते. तिथं आमच्या गल्लीतले कंदील होते, मारुतीपुढचा पिवळा बल्ब होता. हा अंधार कुठून आला ते मला माहीत होतं.

त्याच्या हातातल्या दिव्याचा हिरवा किरण वर गेला आणि तिकांड्यावर थांबला. बाण, हरीण, पळणाऱ्याला मरायला वेळ नसतो, सगळं त्यानं सांगितलं, शब्दही न चुकवता. आणि मग आवाज आणखी खाली घेऊन तो म्हणाला, "त्या पहाटे हेच नक्षत्र बघायला मी माझ्या धाकट्या बहिणीला उठवलं. ती झोपेत होती, नको नको म्हणत होती. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. त्या हातानं ती वाचली. माय आत राहिली."

कुणीतरी नाक ओढलं. मी उभी राहिले.

"खोटं हाय."

"कोण बोललं?" देशपांडे बाई अंधारात चपापल्या.

"मी ती बहीण. मी उठवलं ह्याला. ह्यो नको म्हणत हुता. ह्याच्या अंगावरची वाकळ मी वढून काढली." माझी बोली इतक्या वर्षांनी तोंडात परत आली होती आणि मला ती आवरत नव्हती.

"बाई, बस खाली," विलास म्हणाला.

"बसणार न्हाई. शिकायचं हुतं ते तुला मिळालं. रान तुला मिळालं. मायचे शब्द तू इथं परक्या लोकांना वाटत बसलास. एवढी एकच गोष्ट माझी हुती, ती बी तुझीच करून टाकलीस?"

हिरवा किरण विझला. "मग तूच सांग," तो म्हणाला.

आणि मी सांगितलं. गार अंगण, वाकळ ओढताना त्यानं मला मारलेली लाथ, गंजीतल्या कडब्याचं टोचणं, तिकांडं, तो आवाज. शेडातल्या रात्री सांगितल्या. तुम्ही जे बघायला इतक्या लांबून आलात, त्याच्याकडं पाठ करून झोपणारी माणसं इथं होती, हे सांगितलं. कुणी रडलं नाही. मला ते बरं वाटलं.

मग देशपांडे बाईंनी विचारलं. अगदी मायेनं, कुणीही विचारलं असतं तसं. "आणि आईंना नाही उठवलंत?"

मी तोंड उघडलं. वाकळ आठवत होती. उंबऱ्याचा गारवा आठवत होता. माय दाराशेजारी झोपायची. तिला ओलांडल्याशिवाय बाहेर पडताच येत नव्हतं. त्या जागी मला काहीच दिसेना. सगळ्या आठवणीत तेवढाच तुकडा कोरा.

"ही गेली हुती उठवायला," अंधारातून विलास बोलला. क्लासमधला तो गळा कुठल्या कुठं गेला होता. "मीच म्हणलो, राहू दे. दिवसभर चुलीपुढं उभी हाय, निजू दे तिला."

त्या रात्रीचा कार्यक्रम तिथंच संपला.

उजाडताना मी तळ्याकडं गेले. तळं कसलं, खडी काढलेल्या खाणीत साठलेलं पाणी. लहानपणी आम्ही इथं पोटावर पडून पाण्यावर येणाऱ्या पखुर्ड्या पक्ष्यांची वाट बघायचो. विलास आधीच तिथं एका दगडावर बसला होता. मी दुसऱ्या दगडावर बसले.

"रात्री बोललास ते खरं हाय का?"

"काय फरक पडतो?"

"मला पडतो."

त्यानं मुरमाचा एक खडा उचलला आणि तसाच हातात धरून बसला. "मला आठवत न्हाई, बाई. तू तिला उठवायला गेलतीस का, मी नको म्हणलो का, का दोघंबी गुमान बाहेर पडलो. काहीच दिसत न्हाई. पण लोक इचारतात. दर येळेला कुणीतरी इचारतंच. म्हणून मी ती गोष्ट माझ्या अंगावर घिऊन सांगतो. तुला नको, मला इचारलेलं चालतं."

"मी सांगितलं हुतं घे म्हणून?"

"न्हाई."

"जिथं बोलायचं तिथं बोलला न्हाईस. त्या खोलीत. पुस्तकात मुंडी घालून बसलास."

"न्हाई बोललो," तो म्हणाला. पुढं काही सबब येईल म्हणून मी थांबले. आली नाही.

तेवढ्यात माळावरून ती दुहेरी, गुळण्या केल्यासारखी साद आली. आम्ही दोघांनीही एकदम माना वर केल्या. पखुर्ड्यांचा थवा खाली आला, पाण्याच्या कडेला टेकला, घाईनं पाणी पिऊन गेलासुद्धा. पाण्यावर थोडी वर्तुळं राहिली. विलासच्या कानांमागचे केस अण्णांसारखेच पांढरे झालेले होते. मला त्याची दया आली नाही. पण त्याच्याशिवाय जगात दुसरं कुणीच त्या उंबऱ्यावरून माझ्याबरोबर बाहेर पडलेलं नव्हतं, आणि हे मला अगदी नकोसं वाटलं.

न्याहारीनंतर बस निघायला आली. देशपांडे बाई माझ्याशेजारी अवघडून बसल्या होत्या. विलास सगळ्यांना निरोप देऊन माझ्या खिडकीपाशी आला. टोपी त्याच्या हातात होती.

"पुढच्या येळवशीला लोकांना काय सांगू?"

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. काच थरथरायला लागली.

"दोघांनी तिला हाक मारली म्हणून सांग," मी म्हणाले. "तिला गाढ झोप लागली हुती."

"मारली हुती का?"

"सांग म्हणलं ना," मी म्हणाले, आणि काच ओढून घेतली.